विचारायला वेळ नव्हता, म्हणजे नेमका किती?

पत्र

एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर, मी वर्षभरापासून आहे. मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. सामान्य माणसाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं म्हणून मला घेतलं. गेल्या बैठकीत एक प्रस्ताव आला. डोक्याला गंभीर मार लागून बेशुद्ध अवस्थेत आलेल्या रुग्णांना दुखापतीपासून दोन तासांच्या आत एक औषध द्यायचं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. एकतिसाव्या पानावर लिहिलंय की रुग्ण संमतीविना घेतले जातील आणि नातेवाइकांना सात दिवसांच्या आत कळवलं जाईल. मी चाचरत विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, अशा वेळी विचारायला वेळ नसतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय पुढच्या बैठकीवर गेलाय, पण माझ्या मनातून जात नाही. माणसाला न विचारता त्याच्यावर प्रयोग करणं कधी योग्य असू शकतं का? असेल तर मी काय विचारू? आणि मी एकटीच विरोधात असले तर काय करू?

— एक सदस्य

उत्तर

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी सरळ देतो. हो, कधी कधी योग्य असतं. प्रस्ताव डोक्याच्या दुखापतीचा आहे म्हणून त्याच दुखापतीचं उदाहरण घेऊ. डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते. स्टेरॉइडने सूज उतरते, असं मानून डॉक्टर तीस वर्षांहून अधिक काळ अशा रुग्णांना स्टेरॉइड देत होते. त्यामागे ठोस पुरावा नव्हता. १९९९ साली 'क्रॅश' नावाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची औषधचाचणी, सुरू झाली. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरलं होतं, पण २००४ मध्ये १०,००८ रुग्णांवर ती थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. दर शंभरामागे तीन मृत्यू जास्त. एवढा फरक कुठल्याही एका डॉक्टरच्या डोळ्यांना दिसत नाही, मग तो कितीही अनुभवी असो. तो दिसायला हजारो रुग्ण आणि चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी लागते. त्यातले बहुतेक रुग्ण संमती देण्याच्या अवस्थेत नव्हते, आणि कित्येक ठिकाणी नातेवाइकांचीही वाट न पाहता औषध सुरू झालं. संमतीशिवाय काहीच करायचं नाही असा हट्ट सगळीकडे धरला असता, तर ते स्टेरॉइड चालूच राहिलं असतं. आणि ते देतानाही रुग्णाला कुणी विचारत नव्हतंच.

मुलांचंही असंच झालं. केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,१४१ आजारी मुलांवर 'फीस्ट' ट्रायल झाली. ताप आणि शॉकची (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडल्याची) लक्षणं असलेल्या मुलाला भराभर सलाईन द्यायचं, हे तेव्हा जवळपास स्वयंसिद्ध मानलं जात होतं. ४८ तासांत भराभर सलाईन मिळालेल्या गटात १०.५ टक्के मुलं दगावली, ज्यांना तसं दिलं नाही त्यांच्यात ७.३ टक्के. तिथे आईवडील भांबावलेले असतील तर आधी तोंडी होकार घ्यायचे आणि लेखी संमती मूल सावरल्यावर. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मात्र असं संशोधन योग्य असू शकतं म्हणजे तुमच्यासमोरचा प्रस्ताव योग्य आहे असं होत नाही. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम सांगतं की माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. त्यात सवलत नाही, आणि ती संहिता नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांनंतर लिहिली गेली, ते तुम्ही शाळेत शिकवलंच असेल. सवलतीचं दार नंतर किलकिलं झालं. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या सुधारित आवृत्त्यांत ते आलं, अमेरिकेत १९९६ च्या नियमाने आलं. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात त्याला जागाच नव्हती, म्हणून ब्रिटनने २००६ मध्ये स्वतःपुरता कायदा बदलला. पुढे संघाच्या ५३६/२०१४ या नियमात ३५ वं कलम आलं आणि ते २०२२ पासून लागू झालं. प्रत्येक ठिकाणच्या अटी वेगळ्या. म्हणून तुमची पहिली मागणी अशी असू द्या की, आपल्याला लागू असलेल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली ही सवलत मागितली आहे ते लेखी द्या. कलम नसेल तर पुढची चर्चा कितीही सुंदर झाली तरी तिला अर्थ नाही.

कलम असेल तर एक कोरा कागद घ्या.

त्यावर आडवी रेघ मारा. डाव्या टोकाला शून्य लिहा, म्हणजे दुखापतीचा क्षण. उजव्या टोकाला १२० मिनिटं. आता संशोधकांना विचारा की रुग्ण सरासरी कितव्या मिनिटाला पोचतो, स्कॅन कितव्या मिनिटाला होतो, औषधाची बाटली प्रत्यक्षात कधी लागते आणि पहिला नातेवाईक कधी हजर होतो. अंदाज नको. अपघात विभागाच्या नोंदवहीतून आधीच्या पन्नास रुग्णांच्या वेळा काढून आणायला सांगा. एका माणसाचं दोन दिवसांचं काम आहे. समजा, रुग्ण ४० व्या मिनिटाला येतो, स्कॅन ७० व्या मिनिटाला होतो, भाऊ ८० व्या मिनिटाला धावत पोचतो आणि औषध ११० व्या मिनिटाला लागतं. मग ८० ते ११० ही तीस मिनिटं कुणाची? तो भाऊ दाराबाहेर उभा आहे. त्याला विचारायला वेळ आहे, फक्त विचारायचं ठरलेलं नाही.

'वेळ नसतो' हे वाक्य सगळ्या आजारांना सारखं लागू पडत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला उशीर झाला, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. तिथे एक वाक्य बोलायलाही सवड नसते. न थांबणाऱ्या आकडीत पाच मिनिटं उलटली की उपचार सुरू व्हायलाच हवेत. तिथेही तेच. दोन तासांची मुदत असलेल्या औषधाला मात्र सरसकट सवलत मागता येत नाही. प्रत्येक रुग्णाचा निर्णय त्या-त्या वेळी व्हायला हवा. अमेरिकी नियमाची एक अट इथे उपयोगी आहे. उपचाराची मुदत किती हे संशोधकाने आधीच ठरवून लिहायचं, त्या मुदतीत नातेवाइकाला गाठायचा प्रयत्न करायचा आणि त्या प्रयत्नांची नोंद ठेवायची. कुणाला फोन केला, किती वाजता, उचलला की नाही. तुमच्या प्रस्तावात ही नोंदवही आहे का? बहुधा नसेल. हे पान नेहमी विसरलं जातं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. क्रॅशच्या नोंदी नंतर पाहिल्या, तेव्हा जिथे संमती सक्तीची होती त्या रुग्णालयांत औषध सुमारे १.२ तास उशिरा सुरू झाल्याचं दिसलं. 'क्रॅश-२' ही २०,२११ जखमींवरची ट्रायल. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड पहिल्या तासात दिलं तर सर्वांत जास्त फायदा झाला, तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले. म्हणजे भावाच्या हातात चौदा पानी संमतीपत्र देऊन आपण रुग्णाचं रक्षण करत नसतो. मागायचा असेल तर फीस्टमधल्या तोंडी होकारासारखा, एक मिनिटात वाचून होणारा मजकूर मागा. साधारण असा:

"तुमच्या भावाच्या डोक्याला गंभीर मार बसलाय. नेहमीचे सगळे उपचार सुरू आहेत, ते थांबणार नाहीत. त्याखेरीज आम्ही एक औषध तपासून पाहतोय. त्याने फायदा होतो की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. अपाय होण्याचीही शक्यता आहे. निम्म्या रुग्णांना ते मिळतं, निम्म्यांना सलाईन. कुणाला काय हे आम्ही ठरवत नाही. तुमची किंवा त्यांची हरकत असेल तर 'नको' म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. सविस्तर नंतर बसून बोलू."

हा मजकूर मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. मिनिट पुरतं. अशा वेळच्या 'हो'ला आम्ही फार वजन देत नाही. रक्ताने माखलेल्या भावाला पाहून आलेला माणूस कशालाही हो म्हणेल, त्याला समजून दिलेली संमती म्हणता येणार नाही. 'नको' मात्र कारण न विचारता पूर्ण वजनाचं धरायचं. 'एकदा नीट समजावून सांगतो' म्हणून पुन्हा त्याच्या मागे लागायचं नाही, हेही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या लेखी आराखड्यात, लिहून घ्या.

इथे एक खुपणारी गोष्ट आहे. ज्याचे नातेवाईक लगेच पोचतात, त्याला 'नको' म्हणण्याची संधी मिळते. ज्याचं कुणी नाही, जो परगावचा आहे, ज्याच्या खिशात फोन नाही, तो आपोआप ट्रायलमध्ये जातो. काळजी घेतली नाही तर निराधार माणसंच जास्त भरली जातात. यावर पूर्ण इलाज नाही. दोन गोष्टी करता येतात. अशा रुग्णाला घेण्यापूर्वी ट्रायलशी संबंध नसलेल्या एका डॉक्टरची सही असावी, आणि दर तीन महिन्यांनी कमिटीपुढे आकडे यावेत: किती रुग्ण नातेवाइकांना विचारून घेतले, किती न विचारता, किती अनोळखी. तिसरा आकडा चढत असेल तर भरती थांबवून कारण शोधायचं.

आता औषधाकडे वळू. संमतीमुळे रुग्णाला धोका तोलता येतो. ती नसेल तर ते तोलणं दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं, आणि ते काम तुमच्या कमिटीचं आहे. आजार जिवावरचा हवा, चालू उपचार अपुरे किंवा सिद्ध न झालेले हवेत, आणि नव्या औषधाचा त्याच रुग्णाला फायदा होण्याची खरी शक्यता हवी. 'पुढच्या रुग्णांना उपयोग होईल' एवढ्यावर सवलत मिळत नाही. आणि हे तिन्ही निकष एकदा लावून चालत नाही, ते प्रत्येक तासाला लावावे लागतात. कृत्रिम रक्ताच्या 'पॉलीहीम' ट्रायलमध्ये नेमकं इथे चुकलं. अमेरिकेत २००३ पासून ती संमतीविना चालली. रुग्णवाहिकेत रक्त नसतं, तिथे खाऱ्या पाण्याऐवजी ऑक्सिजन वाहून नेणारा द्रव देऊन पाहणं समजण्यासारखं होतं. पण रुग्ण रुग्णालयात पोचल्यावरही बारा तासांपर्यंत तोच द्रव चालू ठेवायची मुभा होती, आणि तिथे खरं रक्त उपलब्ध होतं. रस्त्यावर लागू असलेलं कारण रुग्णालयाच्या दारात संपलं, सवलत मात्र आत चालत राहिली. तीस दिवसांत पॉलीहीम मिळालेल्यांपैकी १३.४ टक्के दगावले, इतरांपैकी ९.६ टक्के. त्या द्रवाला मान्यता मिळाली नाही.

म्हणून प्रस्तावातून एक यादी काढून घ्या: निव्वळ संशोधनासाठी रुग्णाच्या शरीराशी काय काय केलं जाणार? औषधाचा पहिला डोस. दुसऱ्या दिवशीचा डोस असेल तर तो. जादा रक्ताचे नमुने, जादा स्कॅन, जनुकीय तपासणीसाठी रक्त साठवणं. प्रत्येकासमोर मिनिट किंवा तास लिहा. पहिल्या डोससाठी सवलत मान्य होऊ शकते. दुसऱ्या दिवशीच्या डोसला नाही, तोवर कुणी ना कुणी भेटतं. साठवणुकीच्या रक्ताला तर अजिबात नाही. ही कलमं मोठ्या सवलतीच्या आडोशाने आत येतात, तेव्हा कात्री इथे चालवा.

ट्रायलचं यश कशावर मोजणार, तेही पाहा. ब्रिटनमध्ये हृदय बंद पडलेल्या ८,०१४ रुग्णांवर ॲड्रेनालिनची 'पॅरामेडिक-२' ट्रायल झाली. तीस दिवसांनी ॲड्रेनालिन गटात ३.२ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटात २.४. औषध जिंकलं म्हणायला हरकत नव्हती. पण वाचलेल्यांत मेंदूचं गंभीर नुकसान झालेल्यांचं प्रमाण ३१ टक्के निघालं, दुसऱ्या गटात १७.८. हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारला असता: वाचेन, पण कसा? तुमच्या प्रस्तावात फक्त 'मृत्यू' मोजला जाणार असेल, तर सहा महिन्यांनी रुग्ण स्वतःच्या हाताने जेवतो का, उठून चालतो का, घरच्यांना ओळखतो का, हे मोजायला सांगा.

ट्रायल मध्येच थांबवण्याचे अधिकार असलेली स्वतंत्र देखरेख समिती हवी, हे वेगळं सांगायला नको. तिच्यात कोण आहेत आणि पहिला आढावा कितव्या रुग्णानंतर आहे, एवढं विचारा. 'गरजेनुसार' असं लिहिलं असेल तर आकडा भरून घ्या.

लोकांशी सल्लामसलत हा अमेरिकी नियमाचा भाग आहे आणि तो कागदावरच आटोपण्याचा धोका मोठा. कॉरिडॉरमध्ये लावलेला फलक आणि संकेतस्थळावरचं एक पान म्हणजे सल्लामसलत नव्हे. ज्यांना ही दुखापत होण्याची शक्यता जास्त आहे त्यांच्यापर्यंत जावं लागतं: वाहनचालक, उंचावर काम करणारे मजूर, घरात पडणारी वृद्ध माणसं, आणि सर्वांत आधी डोक्याच्या दुखापतीतून उठलेले रुग्ण व त्यांच्या घरचे. ते मतदान नसतं, बहुमताने कुणाच्या शरीराचा निर्णय होत नाही. तिथून आक्षेप गोळा करायचे असतात. संशोधकांना विचारा की लोकांचं ऐकून प्रोटोकॉलमधलं कुठलं वाक्य बदललं? एकही बदललं नसेल, तर ऐकलं कितपत याची शंका घ्यायला जागा आहे.

आधीच नकार नोंदवण्यासाठी पॉलीहीमच्या वेळी निळी मनगटपट्टी होती, पॅरामेडिक-२ मध्येही तशी पट्टी मागवता येत होती. सोय चांगली आहे, पण औषधाचा खोका उघडण्यापूर्वी मनगट पाहायचं, हे तपासणी यादीत पहिल्या ओळीला नसेल तर घाईत कुणी पाहत नाही. आणि बहुतेकांना ट्रायलचा पत्ताच नसतो, म्हणून पट्टी नसणं म्हणजे होकार असा अर्थ काढता येत नाही.

आता त्या सात दिवसांबद्दल. प्रस्तावातली ही सर्वांत वाईट ओळ आहे. सवलत विचारण्यापुरती आहे, सांगण्यापुरती नाही. सांगणं शक्य तितक्या लवकर व्हायला हवं, आणि नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले असताना 'लवकर' म्हणजे २४ तास, असं आमचं मत आहे. सांगायचं कसं, तेही प्रोटोकॉलमध्ये यायला हवं. बसून, दार लावून, उपचार करणाऱ्या डॉक्टरसमोर. इतर सह्यांच्या गठ्ठ्यात हा कागद सरकवायचा नाही. सुरुवातीचं वाक्य भूतकाळात हवं: "काल रात्री तुमच्या भावाला आम्ही एका संशोधनात घेतलं. तेव्हा तुम्हाला विचारता आलं नाही." नेहमीची चूक अशी की कागद परवानगी मागत असल्यासारखा लिहिलेला असतो, जणू अजून काही घडलंच नाही. घडलेल्याला कुणाची सही लागत नाही आणि सहीने ते पुसलंही जात नाही. सही फक्त पुढच्यासाठी: पुढचे डोस, पुढच्या तपासण्या, माहितीचा वापर. तारीख आणि वेळ सही करणाऱ्यानेच लिहायची. मागची तारीख घातलेली एक जरी सही सापडली, तर आमच्या दृष्टीने ट्रायल तिथेच थांबायला हवी.

रुग्ण शुद्धीवर येऊन समजण्याच्या अवस्थेत आला की त्याला स्वतंत्रपणे विचारायचं. भावाचं 'हो' त्याला बांधत नाही. त्याने नाही म्हटलं तर गोळा झालेल्या माहितीचं काय, हे अवघड आहे. युरोपीय नियमात तिच्या वापराला हरकत घेण्याचा हक्क आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या मते माघार घेईपर्यंतची माहिती ट्रायलमध्येच राहते. दोन्हींमागे तर्क आहे. ज्यांचं वाईट झालं त्यांच्या घरचे जास्त प्रमाणात माघार घेतील, आणि त्यांची माहिती गाळली तर अपायकारक औषधही निर्दोष दिसेल. म्हणून कायदा परवानगी देत असेल तर कुठला गट आणि जिवंत की मृत, एवढंच ठेवावं, बाकी काढून टाकावं, आणि हे कागदावर साध्या भाषेत आधीच लिहावं, असं आम्हाला वाटतं.

दगावलेल्यांच्या घरच्यांना सांगायचं का, यावर जाणत्यांतही एकमत नाही. पॅरामेडिक-२ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावले, आणि त्यांच्या कुटुंबांना स्वतःहून कळवायचं नाही असं संशोधकांनी विचारपूर्वक ठरवलं. माहिती जाहीर ठेवली होती, ज्यांना हवी त्यांनी मागावी. तुमच्या ट्रायलमध्ये मात्र रुग्ण रुग्णालयात असेल, नातेवाईक समोर असतील. त्यांच्यापासून ते दडवलं आणि नंतर नोंदीतून कळलं, तर ते फसवणुकीसारखं वाटेल, आणि तसं वाटणं चूक म्हणता येणार नाही. आधी सांगून झालं नसेल, तर मृत्यूच्या दिवशी नाही, काही आठवड्यांनी एक पत्र, खाली खऱ्या माणसाचं नाव आणि थेट फोन नंबर.

राहिला तुमचा एकटेपणा. बैठकीत तोंडी विचारलेला प्रश्न मान डोलावून संपवता येतो, लेखी प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. बैठकीच्या दहा दिवस आधी सदस्य सचिवांना एक पान पाठवा आणि 'संशोधकांनी लेखी उत्तर द्यावं' असं त्यावर लिहा. त्यात पाच गोष्टी पुरेत: कायद्याचं कलम, पन्नास रुग्णांच्या वेळा, संशोधनासाठीच्या कृतींची यादी, एक मिनिटाचा मजकूर, आणि सात दिवसांऐवजी २४ तास. प्रस्ताव फेटाळा असं म्हणायची गरज नाही, 'या दुरुस्त्यांसह मंजूर' हा पर्यायही कमिटीपुढे असतो, आणि चांगले संशोधक तो बहुधा मान्य करतात. डोक्याच्या दुखापतीवर चांगलं औषध मिळावं असं तुम्हालाही वाटतं, हे सुरुवातीलाच बोलून दाखवा. तरीही कुणी "वेळ नसतो, मॅडम" म्हणालं, तर एवढंच विचारा, "किती मिनिटं?"

दुरुस्त्या नाकारल्या गेल्या तर तुमचं वेगळं मत कारणांसह इतिवृत्तात नोंदवायला सांगा, आणि ते वाक्य तिथल्या तिथे स्वतः लिहून द्या. पुढच्या बैठकीत इतिवृत्त मंजुरीला येईल, तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं आहे का हे पाहा आणि मगच सही करा.